जेल, वॅक्स, क्ले, पोमेड: डबी उलटी करा आणि मागचं वाचा

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, एका काळ्या डबीचा फोटो आणि खाली "दादा उद्या हळद परवा लग्न, हे लावलं तर चालेल ना?" लग्न त्याच्या मोठ्या भावाचं पण टेन्शन ह्याला. डबीवर सोनेरी अक्षरात ठसठशीत 'मॅट क्ले' लिहिलेलं. मी म्हटलं उलटी कर आणि मागचं बारीक अक्षरातलं पाठव. ते आलं तर पहिलं पाणी, मग पेट्रोलेटम (म्हणजे आपलं व्हॅसलिन), मग मधमाशीचं मेण, मग मिनरल ऑइल, मग सेंट आणि रंग. आख्ख्या यादीत मातीचा कण नाही. म्हणजे समोर क्ले लिहिलं असलं तरी आत सरळसरळ चमकणारं वॅक्स होतं, आणि ह्याचे केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पातळ नि मऊ, त्यावर हे थापलं असतं तर आईने तेल चापून शाळेत पाठवल्यासारखा दिसला असता मुहूर्ताला.

तर मुद्दा हाच आहे. जेल, वॅक्स, क्ले, पेस्ट, पोमेड, क्रीम ही नावं कंपन्या वाटेल तशी वापरतात, एकाचं पोमेड ते दुसऱ्याचं जेल असतं. पण मागची यादी सहसा फसवत नाही कारण त्यात घटक उतरत्या क्रमाने छापतात, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. त्यामुळे पहिली चार-पाच नावं वाचली की डबीत काय आहे ते कळतं. शेवटी शेवटी जे आर्गन, जोजोबा, बायोटिन वगैरे येतं ना ते म्हणजे बासुंदीच्या पातेल्याला केशराची एक काडी दाखवली इतपतच, त्याचे पैसे मोजू नका.

प्रकारांकडे यायच्या आधी एक गोष्ट, जी मला कुठल्याच सलूनवाल्या दादाने सांगितली नाही आणि कळल्यावर माझे निम्मे प्रॉब्लेम सुटले. केस वळतात ते पाण्याने. केसाच्या आत प्रोटीनच्या साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बारीक बारीक बंध असतात, हायड्रोजन बाँड म्हणतात ते, ते पाण्याने सुटतात आणि केस वाळताना परत जुळतात, आणि जुळताना केस ज्या आकारात असतो तोच आकार पक्का होतो. ओल्या केसांनी झोपा आणि सकाळी आरशात बघा, डोक्याच्या एका बाजूला कोंबडा उभा असतो आणि तो कंगव्याने हलत नाही. तो कुणी जेल लावून बनवलेला नसतो. म्हणजे स्टाईल बनते ती केस वाळताना, डबीतलं सामान ती फक्त टिकवतं. आणि म्हणूनच जुलैमधे ठाण्याहून लोकलने दादरला उतरेपर्यंत केसांची वाट लागलेली असते, हवेतला ओलावा केसात शिरतो आणि ते बंध परत सैल होतात.

त्यामुळे ड्रायर असेल तर उत्तम, नसेल तर पंख्याखाली उभं राहून बोटांनी केस हव्या त्या दिशेला ओढत वाळवा, पाच मिनिटं जातात. ज्यांचा भोवरा जोरात आहे (दोन भोवरेवाल्यांना दोन लग्नं होतात असं आजी म्हणायची, त्यांचं त्यांना माहीत) त्यांनी तिथले केस आधी एका बाजूला, मग उलट्या बाजूला असं दोन्हीकडून फिरवत वाळवायचे म्हणजे मुळं जरा गोंधळतात आणि केस बसतात. तिथे नुसतं जेल ओतून काही होत नाही, अर्ध्या तासात अँटेना परत उभा.

आता डब्या.

सगळ्यात जुनं म्हणजे तेल आणि क्रीम. तेल खरं तर काही धरून ठेवत नाही, केस एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि चमकतात म्हणून भांग बसल्यासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मॅकॅसर तेलाची इतकी फॅशन होती की खुर्च्यांच्या पाठी तेलकट व्हायला लागल्या आणि बायकांनी त्यावर विणलेले रुमाल टाकायला सुरुवात केली, त्या रुमालांचं इंग्रजी नावच मुळी 'मॅकॅसर-विरोधी' असं पडलं. आपल्याकडे काकूंच्या सोफ्यावर क्रोशाचे रुमाल असतात ना, ते त्यांचेच नातेवाईक. मग १९२८ मधे बर्मिंगहॅमला ब्रिलक्रीम आलं, त्यात मिनरल ऑइल आणि पाणी एकत्र फेटलेलं आणि ते फाटू नये म्हणून मधमाशीचं मेण. आपल्या मुंबईचा विकेटकीपर फारुख इंजिनियर त्याच्या जाहिरातीत होता, आजोबांच्या वयाच्या माणसाला विचारा, डोळे चमकतील. आजची स्टायलिंग क्रीम्स ही त्याचीच हलकी आवृत्ती आहे. पकड कमी, पण कुरळ्या आणि राठ केसांना ह्याच्यासारखं दुसरं काही नाही कारण ते केसांना शिस्त लावतं, कडक करत नाही. लावायचं दमट केसांवर, म्हणजे टॉवेलने टिपल्यावर पाणी गळत नाही पण हाताला ओलं लागतं अशा वेळी.

जेल. ह्यावर जरा थांबतो कारण बहुतेकांची सुरुवात इथून होते, सेट वेटची ट्यूब आणि कॉलेजचं गॅदरिंग, डोक्यावर साळिंदर. जेल म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्या पाण्याला घट्ट करायला बहुतेक वेळा कार्बोमर नावाचा पदार्थ असतो आणि केस धरून ठेवायला पीव्हीपी किंवा त्याचे भाऊबंद. पीव्हीपी म्हणजेच पोव्हिडोन, जखमेवर लावतो त्या लाल-तपकिरी पोव्हिडोन आयोडीनमधे आयोडीनला धरून ठेवणारा तोच. पाणी उडून जातं आणि पीव्हीपीची पापडी केसांभोवती वाळते, झाले केस कडक.

एक प्रयोग करून बघा, मजा येते. बशीत बोटभर जेल काढा आणि वर चिमूटभर मीठ टाकून चमच्याने हलवा. यादीत कार्बोमर असेल तर मिनिटभरात त्या घट्ट गोळ्याचं पाणी होतं, डोळ्यांदेखत. ह्यातून कळतं काय, तर डबीत जेल किती घट्ट दिसतंय त्याचा आणि ते केस किती धरेल त्याचा काही संबंध नाही, घट्टपणा एकाचा आणि पकड दुसऱ्याची. दुकानात ट्यूब दाबून "हे घट्ट आहे हे दे" म्हणणारे आपण सगळे येडे ठरतो.

जेलचे दोन त्रास. एक, पीव्हीपी हवेतला ओलावा ओढून घेतो त्यामुळे पावसाळ्यात मुंबई-कोकणात दुपारपर्यंत डोकं चिकट होतं, तेच जेल नगर-सोलापूरकडे उन्हाळ्यात मस्त चालतं. यादीत पीव्हीपीच्या पुढे तिरकी रेघ मारून व्हीए लिहिलेलं असेल तर ते जरा कमी ओलावा धरतं, पावसाळ्यात ते बघून घ्या. दुसरा त्रास पांढरा भुगा. वाळलेल्या जेलमधे कंगवा किंवा बोटं घातली की ती पापडी मोडते आणि खांद्यावर पडते, लोकांना वाटतं कोंडा झालाय. माझं स्वतःचं झालंय, ऑफिसमधे पहिल्याच आठवड्यात काळा शर्ट घालून गेलो आणि मॅनेजरने बाजूला घेऊन फार प्रेमाने एक अँटी-डँड्रफ शाम्पू सुचवला. तेव्हा जेल लावायचं ओल्या केसांवर, आकार द्यायचा आणि मग हात खिशात. वाळल्यावर हात लावायचा नाही.

आता वॅक्स. हे जेलच्या अगदी उलट, हे वाळतच नाही. म्हणून दिवसभरात कितीही वेळा केस परत फिरवता येतात. पुण्यात हेल्मेट घालून फिरणाऱ्यांनी जेल विसरा, वॅक्स किंवा क्ले घ्या, पोचल्यावर बोटं फिरवली की झालं. वॅक्समधे मधमाशीचं मेण, कार्नौबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण), लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), पेट्रोलेटम असं काही काही असतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळतं, म्हणजे डोक्यावर ते वितळून ओघळणार नाही, पण बाकीचं तेलकट सामान मिसळल्यामुळे हाताच्या उबेने मऊ पडतं. खोबरेल कसं २४ डिग्रीच्या खाली गोठतं आणि थंडीत आपण बाटली गरम पाण्यात ठेवतो, तसंच डिसेंबरमधे वॅक्सची डबी दगड होते, तेव्हा नखाने खरवडून तळहातावर जास्त वेळ चोळायचं. गॅट्सबी ह्या जपानी ब्रँडच्या रंगीत डब्या खूप दुकानांत मिळतात, त्या ह्याच घराण्यातल्या. जाड आणि हट्टी केसांना वॅक्स छान, पातळ केसांना नको, सगळे चिकटून मधून टाळू दिसायला लागते.

पोमेड. हा शब्द सफरचंदावरून आलाय म्हणे, जुन्या काळी त्या लेपात सफरचंद कुटून घालायचे. आज पोमेड म्हणजे चमक, एका बाजूला भांग पाडून मागे फिरवलेले गुळगुळीत केस, जुन्या हिरोंसारखे. पण इथे एक फार मोठा फाटा आहे, तेलावरचं पोमेड आणि पाण्यावरचं पोमेड. यादीत पहिलं नाव पाणी असेल आणि पेट्रोलेटम, मिनरल ऑइल वगैरे काही नसेल तर ते बहुतेक वेळा साध्या पाण्यानेही निघतं. पहिलं नावच पेट्रोलेटम असेल तर सावध.

मला हे माहीत नव्हतं. ऑनलाईन एक जडशीळ डबी मागवली, पहिल्याच दिवशी उत्साहात मोठं लिंबाएवढं लावलं. दिसलं भारी. रात्री डोकं धुतलं, पाणी नुसतं ओघळून गेलं, बदकाच्या पाठीवरून जातं तसं. शाम्पू लावला, फेसच नाही. परत शाम्पू, परत तेच. तिसऱ्या वेळेला केस डांबरासारखे एकमेकांना चिकटलेले, बाथरूमचा नळ चिकट, टॉवेल चिकट आणि आई दारावर थापा मारतेय की टाकीतलं पाणी संपवतोस का. तिला सांगितलं तर ती हसली आणि खोबरेलची बाटली आत सरकवली, म्हणाली "तेल तेलानेच निघतं, फणसाचा चीक काढताना हाताला काय लावतो?" सुक्या केसांत भरपूर खोबरेल जिरवलं, दहा मिनिटं थांबलो, टिश्यूने पुसलं आणि मग कोरड्या केसांवरच आधी शाम्पू चोळला, पाणी नंतर. दोन धुण्यात साफ. ही पद्धत कुठल्याही मेणकट प्रॉडक्टला चालते, तिसऱ्यांदा शाम्पू ओतायची गरज नाही. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर हे जास्तच लागू कारण जड पाण्यात फेस आधीच कमी होतो आणि केसांवर थर राहतो, शेवटचा तांब्या तरी आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्या.

क्ले माझा लाडका. खऱ्या क्लेच्या यादीत केओलिन किंवा बेन्टोनाइट हे नाव वरच्या पाच-सहात दिसायला पाहिजे. बेन्टोनाइट आपल्याकडे कच्छमधे ढिगाने निघतं आणि आपली मुलतानी माती त्याच कुळातली. मातीचे कण तेल शोषतात, प्रकाश पसरवतात म्हणून चमक जाते, आणि केसांचा पृष्ठभाग खरखरीत करतात म्हणून पातळ केससुद्धा दाट वाटतात. ज्यांचे केस पातळ झालेत किंवा विरळ व्हायला लागलेत त्यांनी ओला, चमकदार लूक विसरायचा, त्यात टाळू आरशासारखी दिसते, क्लेमधे लपते. तोटा इतकाच की केस कोरडे पडतात, आणि लावायचं जवळजवळ पूर्ण वाळलेल्या केसांवर, ओल्यावर लावलंत तर चिखल. (आणि नाही, घरची मुलतानी माती पाण्यात कालवून लावून चालत नाही. एकाने विचारलं होतं.)

पेस्ट आणि फायबर हे वॅक्स आणि क्लेच्या मधलं काहीतरी, फायबर ओढलं की चिकासारखी तार निघते, आखूड केसांना बरं.

पावडर सध्या जोरात आहे, मिठाच्या शेकरसारखी छोटी बाटली येते. यादीत सिलिका सिलिलेट लिहिलेलं असतं, वजन जवळपास नसल्यातच जमा, पण केसांच्या मुळाशी घातली की केस एकमेकांवर घासून अडकतात आणि उभे राहतात. पातळ केसवाल्यांना जादू वाटते. दोन-तीन चिमटी, फक्त मुळाशी, बोटांच्या टोकांनी घोळायची, आणि शिंपडताना श्वास धरा, नाकात घेऊ नका. हाताला मात्र खडूसारखं कोरडं लागतं, ज्यांना बायकोने केसांत हात फिरवावा अशी अपेक्षा आहे त्यांनी विचार करा.

सी सॉल्ट स्प्रे म्हणजे मिठाचं पाणी, गणपतीपुळ्याला समुद्रात डुंबून आल्यावर केस कसे होतात तसे करून देतं, ड्रायरच्या आधी मारायचा. मूस म्हणजे फेसातलं जेल. सिरम हे स्टायलिंग नाहीच, त्यात सिलिकॉन असतं, गुंता आणि भुरभुर कमी होते, पकड शून्य. लिव्हॉनची बाटली घरात बहिणीची असेल तर लांब केसवाल्यांनी दोन थेंब चोरायला हरकत नाही.

हेअर स्प्रे सगळ्यात शेवटी, वरून पातळ पापुद्रा. हातभर लांबून मारायचा, जवळून मारला तर थेंब पडून केस ओले होतात आणि बनवलेला आकार बसतो. आणि हे मी गंमत म्हणून नाही सांगत, त्यात अल्कोहोल असतं आणि कॅनमधे ढकलायला बऱ्याचदा ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे आपल्या सिलेंडरचंच भावंड. स्प्रे मारून लगेच आरतीच्या तबकावर वाकू नका, होमासमोर बसणाऱ्या नवरदेवाने तर आधी पूर्ण वाळू द्यायचा. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅन ठेवणारे मला भेटलेत, त्यांना दंडवत.

लावायची पद्धत वॅक्स, क्ले, पेस्ट, पोमेड सगळ्यांना एकच. नखाच्या मागच्या बाजूने हरभऱ्याएवढं घ्या, लांब केसांना फार तर शेंगदाण्याएवढं. दोन्ही तळहातांवर चोळा, बोटांच्या मधेसुद्धा, इतकं की गोळा दिसेनासा होईल आणि हात नुसते चकचकीत दिसतील. मग डोक्याच्या मागून सुरू करा, नंतर बाजू, आणि हातावर जे उरेल ते पुढच्या केसांना. आपण सगळे उलट करतो, आरशात पुढचे केस दिसतात म्हणून सगळा गोळा तिथेच चोपतो आणि पुढे तेलकट झालर, मागे भुसभुशीत गवत. कमी वाटलं तर परत हरभरा घ्या, जास्त झालं तर आंघोळीशिवाय उपाय नाही.

टाळूला नाही लावायचं, केसांना लावायचं. कोंडा करणारी बुरशी तेलावर जगते, त्यामुळे ज्यांना कोंडा आहे त्यांनी मेणकट सामान शक्यतो टाळा आणि लावलंच तर रात्री धुवून झोपा, उशीला लागून कपाळावर पुटकुळ्या येतात त्या वेगळ्याच. जेलने टक्कल पडतं का हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, तर पुरुषांचं नेहमीचं टक्कल हे हार्मोन आणि घराण्याचं देणं आहे, जेलचं नाही. आजोबांकडे बघा, दोन्हीकडच्या.

मावसभावाला शेवटी सांगितलं की हळदीला काहीही लावू नकोस, तसंही पोरं डोक्यावर हळदीचं पातेलं उलटं करणार आहेत. लग्नाला माझी क्लेची डबी नेऊन दिली. आणि हे मीही विसरलो होतो, तो करवला, सकाळीच फेटा बांधला, तीन तास केस कुणाला दिसलेच नाहीत. दुपारी हॉलच्या वॉशरूममधून मेसेज, "फेटा काढला, सगळं चपटं झालंय, रिसेप्शन आहे". लिहिलं, बोटं नळाखाली ओली कर, पाणी झटक, मुळाशी घालून वर उचल, क्ले पाण्याने परत जागा होतो, नवीन लावू नकोस. दहा मिनिटांनी सेल्फी आला, केस उभे, कपाळावर फेट्याचा वळ.